रुजवात

३ फेब्रुवारी

ती. बाबा,

तुमचं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि पाकीट उघडायला हात धजेना. एकोणीस वर्षांनी तुमच्या हातचं पत्र, म्हटलं आईचं काही बरंवाईट तर नाही ना. आत पाहतो तर 'महोदय'. त्याखाली 'विषय : हवाई वाहतूक नियंत्रकाच्या नोकरीबाबत माहिती मिळणेबाबत'. पोटच्या पोराला महोदय म्हणणारा बाप मी तरी दुसरा पाहिलेला नाही. तुमची सूनबाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मलाही हसू आलं, पण जरा उशिरा.

असो. शेजारच्या डॉक्टरीणबाईंची मुलगी विचारते आहे म्हणून तुम्ही लिहिलंत, नाहीतर लिहिलं नसतंत. घरी येतो तेव्हासुद्धा 'त्याला सांग, जेवायला बस' असं आईमार्फतच ऐकतो मी. तर त्या मुलीला सांगा. माझ्या वेळी बारावीचं विज्ञान आणि वर एक परीक्षा एवढ्यावर घेत. मग वर्षभर प्रशिक्षण, आणि मग जुन्या नियंत्रकाच्या शेजारी बसून खऱ्या विमानांशी बोलायला शिकणं. आता अर्जालाच पदवी लागते, विज्ञानाची नाहीतर अभियांत्रिकीची. तेव्हा तिने कॉलेज सोडू नये.

पण 'पदवीचा प्रत्यक्ष कामात उपयोग होतो का' असंही तिने विचारलंय, म्हणून खरं सांगतो. दारातून आत येण्यापुरता होतो. एकदा हेडफोन कानाला लागला की तुमचे गुण कुणी विचारत नाही. कान, जीभ आणि थंड डोकं, एवढंच लागतं. मी दोन वर्षांवर कॉलेज सोडलं, माझं काही अडलं नाही. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. थोडं टोचायलाही लिहितोय.

तुमच्या कपाटात माझ्या त्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका असतील. तुम्ही कागद टाकत नाही. सवडीने पाठवून द्या. घाई नाही, उगाच आपली फाइल पूर्ण असावी म्हणून.

आईला सांगा, फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. पाळ्या विचित्र असतात आणि कामावर फोन आत नेऊ देत नाहीत.

तुमचा,
महोदय


१९ फेब्रुवारी

ती. बाबा,

माझंच पत्र तुम्ही तांबड्या शाईने तपासून परत पाठवलंत. सात चुका. खाली एकच ओळ, 'गुणपत्रिका कशासाठी?' तीस वर्षं विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काढलेल्या माणसाला मुलगा म्हणजेसुद्धा तपासायची उत्तरपत्रिकाच. फाइलसाठी, असं मी लिहिलं होतं. तेच पुन्हा लिहितो.

आमच्या कामाबद्दल लोकांना वाटतं की आम्ही वर काचेच्या मनोऱ्यात बसून विमानं बघतो. मनोरा आहे, पण मी त्यात बसत नाही. मी खाली बसतो. खिडकी नसलेली खोली, दिवे मंद, समोर पडदा, पडद्यावर विमानांचे ठिपके. बाहेर ऊन आहे की पाऊस ते आम्हाला वैमानिक सांगतात. चौदा वर्षं मी या एका खोलीत आहे. माझा परवानाही या एका खोलीपुरताच चालतो. दुसऱ्या विमानतळावर गेलो तर पुन्हा शिकाऊ म्हणून पहिल्यापासून सुरुवात.

तुम्ही मला एकदा तुमच्या विभागात नेलं होतं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. निकालाआधीचे दिवस होते आणि लांबलचक टेबलांवर रुजवात चालली होती. एक जण उत्तरपत्रिकेवरचे गुण मोठ्याने वाचायचा, समोरचा वहीतला आकडा बघून 'बरोबर' म्हणायचा. पुढचा. बरोबर. पुढचा. बरोबर. मला तो खेळच वाटला होता. बाबा, मी पोटासाठी तेच करतो. मी वैमानिकाला सांगतो, नऊ हजार फुटांवर उतरा. तो तेच मला परत म्हणून दाखवतो, त्याला आम्ही रीडबॅक म्हणतो. ते ऐकून मी मनात बरोबर म्हणतो. तो चुकला तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. इंग्रजीतले पाच आणि नऊ, फाइव्ह आणि नाइन, रेडिओच्या खरखरीत एकसारखेच लागतात. म्हणून नऊला 'नायनर' म्हणायचं असा आमच्यात नियम आहे. शेपूट ऐकू आलं की नऊ. काही वैमानिक आळशी, शेपूट खातात, मग कान टवकारून बसावं लागतं.

सध्या माझ्या हाताखाली एक जण शिकते आहे. सव्वीस वर्षांची. खोलीत सगळे तिला एमएस्सी म्हणतात, कारण पहिल्या दिवशी तिने स्वतःची ओळख तशीच करून दिली. भौतिकशास्त्रात विद्यापीठात दुसरी. वाऱ्याचा वेग सांगा, विमान कधी कुठे पोचेल ते तोंडी सांगते. पण माइकवर आली की प्रत्येक वाक्याआधी 'अं'. तिच्या शिकण्याच्या तासांना दोनदा मुदतवाढ मिळाली आहे, तिसरी मिळत नाही. चाळीस तास उरलेत, तेवढ्यात जमलं नाही तर घरी. तिची पदवी तिला कितपत वाचवते ते मी रोज शेजारी बसून बघतोय. शेजारणीच्या मुलीला हेही कळवा.

एप्रिलमध्ये माझी वार्षिक वैद्यकीय तपासणी आहे. नेहमीचीच.


११ मार्च

ती. बाबा,

गुणपत्रिका अजून आल्या नाहीत.

इथे एक प्रकार झाला. वर्तमानपत्रात आलेला नाही, येणारही नाही, कारण कुणाला खरचटलंही नाही. गेल्या बुधवारी सकाळी एमएस्सी माइकवर होती, मी शेजारी. शिकाऊ बोलते तेव्हा तिच्या शिक्षकाच्याही कानाला तेच ऐकू येत असतं. चुकलं तर त्याने पडायचं मध्ये. तिने एका मोठ्या विमानाला नऊ हजारांवर उतरायला सांगितलं. वैमानिकाने रीडबॅक दिला तो पाच हजारांचा. तो तसाच गेला, कुणी दुरुस्त केला नाही. सात हजारांवर एक छोटं विमान आडवं चाललं होतं. मोठं विमान नऊला थांबलं नाही, आठच्याही खाली आलं, आणि पडदा लाल झाला. तेव्हा मात्र एमएस्सीने एकही 'अं' न करता छोट्याला डावीकडे वळवलं आणि मोठ्याला आहे त्याच उंचीवर थांबवलं. दोघांत हजार फूट हवे असतात, सहाशे उरले होते. प्रवाशांना एक हलकं वळण जाणवलं असेल, बाकी काही नाही.

चौकशी झाली. आमच्या पाळीच्या प्रमुख, त्यांना आम्ही हेडबाई म्हणतो, त्यांनी टेप ऐकवली. टेपवर वैमानिक स्वच्छ 'फाइव्ह' म्हणतोय, आणि त्यानंतर एमएस्सी दुसऱ्याच विमानाशी बोलायला लागलीय. टेपवर माइकवरचंच येतं, खोलीतलं येत नाही. मी निवेदन लिहून दिलं की शिकाऊ नियंत्रकाकडून रीडबॅक तपासण्यात चूक झाली. तिला घरी बसवलंय. महिनाअखेर समिती ठरवेल, पण काय ठरवणार ते सगळ्यांना ठाऊक आहे.

काय करणार, हे काम असंच आहे. मला वाईट वाटलं. तुमची तब्येत सांभाळा.


२० मार्च

बाबा,

तुमचं पत्र आलं. सहा शब्द. 'रुजवात दोघांची असते. बरोबर कोण म्हणालं?'

वाचून मस्तकात तिडीक गेली. कागद चुरगाळून टाकला. म्हटलं, हे तिथे नव्हते, पडदा कसा दिसतो हे त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि घरबसल्या चौकशी समिती झालेत. चार दिवस तुमच्याशी मनातल्या मनात भांडलो. तुमच्याशी भांडायची मला सवय आहे, तुम्ही कधीच उत्तर देत नाही त्यामुळे जिंकतोही. या वेळी नाही जिंकलो.

मी म्हणालो, बाबा. मी म्हणालो बरोबर.

वैमानिकाचा रीडबॅक आला आणि ती थबकली. माइकचं बटण सोडून माझ्याकडे वळली, म्हणाली, "सर, नायनर म्हणाले ना ते?" आणि मी म्हणालो, "बरोबर. पुढे चल." ती पुढे गेली. चौदा वर्षांचा अनुभवी माणूस बरोबर म्हणतोय म्हटल्यावर कोण थांबेल?

आणि मला काय ऐकू आलं होतं ते सांगतो. काहीच नाही. मधला 'आय' ऐकू आला, पुढचं मागचं काही नाही. नऊ सांगितलं होतं म्हणजे नऊच म्हणाला असेल. तिचा प्रश्नही मी पुरता ऐकला नाही, तिच्या चेहऱ्यावरून ओळखला. गेली तीन वर्षं मी असाच ऐकतोय. आधी डावा कान गेला, आता उजवाही चाललाय. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. स, फ, थ, असली अक्षरं गळून पडतात. डॉक्टरकडे गेलो होतो, लांबच्या गावात, दुसरंच नाव सांगून. तो म्हणाला वाढत जाईल.

फोन मी पाळीमुळे उचलत नाही हे खोटं आहे. आईचं बोलणं मला फोनवर कळत नाही. ती काहीतरी विचारते, मी 'हो' म्हणतो, ती गप्प होते, मग मला कळतं की 'हो' म्हणायचं नव्हतं. एकदा तिने बहुतेक तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला येतोस का विचारलं होतं, आणि मी म्हणालो, छान छान. त्यानंतर फोनच बंद केला. तुमची सूनबाई मला आता हाक मारत नाही. येऊन खांद्याला हात लावते.

तपासणीत पास कसा होतो, असं तुम्ही विचाराल. काचेच्या छोट्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. आवाज सोडणारी बाई काचेपलीकडे असते. तिचा हात दिसत नाही, पण खांदा दिसतो. खांदा हलला की मी बटण दाबतो. मागच्या वर्षी ती म्हणाली, तुमचे कान विशीतल्या पोरासारखे आहेत. तुम्ही कॉपी करणारी मुलं पकडायचात ना? घरातलाच एक सुटला.

गुणपत्रिका कशासाठी, ते आता कळलं असेल. मनात होतं की बाहेरून तिसरं वर्ष करून टाकावं, पदवी हातात पडली की मग कानाचं सांगावं, म्हणजे कुठेतरी टेबलाशी बसवतील. तोपर्यंत वर्षभर निभवावं. वर्षभर तिथे बसून अंदाजाने बरोबर म्हणत राहावं, असा तो बेत होता. लिहिल्यावर कसा दिसतो बघा.

आता सांगितलं तर त्याच दिवशी हेडफोन काढून घेतील. मग मी एकोणचाळिसाव्या वर्षी बारावी पास, आणि येतं काय, तर एका खोलीतल्या पडद्यावरचे ठिपके हलवता येतात. नाही सांगितलं तर ती पोरगी घरी जाणार. शिवाय मी रोज सकाळी जाऊन त्या खुर्चीत बसणार. काल बसलो होतो. प्रत्येक वैमानिकाला मी दोनदा म्हणायला लावलं. शेजारचा म्हणाला, काय रे, आज फार काटेकोर? घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

हे पत्र तपासून परत पाठवू नका.


२७ मार्च

ती. बाबा,

गुणपत्रिका मिळाल्या. दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत, मध्ये कोरा कागद घालून. पत्र नाही. निदान परत पाठवलं नाहीत.

काल दुपारी एमएस्सी घरी आली होती. मला वाटलं जाब विचारायला आली. दारात पाहून माझी पाचावर धारण बसली. पण ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि पिशवीतून एक पाकीट काढलं.

"सर, मी कान तपासून घेतले."

मी म्हटलं, "काय?" तिला वाटलं मला आश्चर्य वाटलं. मला खरंच ऐकू आलं नव्हतं. तिने पुन्हा सांगितलं.

"त्या दिवशी मला फाइव्ह ऐकू आलं होतं, सर. अगदी स्पष्ट. पण तुम्ही बरोबर म्हणालात. म्हणजे दोष माझ्याच कानात असणार ना? तीन ठिकाणी तपासून घेतले. तिघंही म्हणतात कान उत्तम आहेत." तिने कागद माझ्यापुढे ठेवले. सरळ रेघ, कुठे खड्डा नाही. "पण टेपवर तर फाइव्हच आहे. मग मी तुम्हाला विचारलं तेव्हा मला नक्की काय ऐकू आलं होतं? मला आता आठवतच नाही. रात्रंदिवस तेच वाजतं डोक्यात, कधी फाइव्ह, कधी नायनर. सर, तुमच्या पाहण्यात असं कुणाचं झालंय का? याला काही औषध असतं का?"

चौकशीत तिने माझं नाव घेतलं नव्हतं. मला वाटत होतं ती घाबरून गप्प राहिली. तसं नव्हतं. माझ्या 'बरोबर'वर तिचा इतका विश्वास होता की टेप ऐकूनही तिने स्वतःलाच खोटं ठरवलं.

मी तिला काय म्हणालो असेन? चहा घेणार का, असं म्हणालो. ती नको म्हणाली. मी म्हणालो, काळजी करू नकोस, होतं असं. ती कागद गोळा करून गेली. दार लावून वळलो तर तुमची सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी. माझ्या समोर येऊन, तोंडाकडे बघून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "ती काय म्हणाली ते ऐकू आलं ना तुला?"

ऐकू आलं. सगळं ऐकू आलं.


४ एप्रिल

ती. बाबा,

सोमवारी दुसरं निवेदन दिलं. तिने विचारलं होतं, मी बरोबर म्हटलं होतं, मला ऐकू आलं नव्हतं, तीन वर्षांपासून येत नाही, तपासणीत फसवणूक केली. एका पानात बसलं.

हेडबाईंनी वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्या वाईट नाहीत. माझ्या लग्नाला आल्या होत्या.

"हा कागद मी पाहिलेला नाही," त्या म्हणाल्या. "जा, बाहेर जाऊन पाय मोकळे करून ये."

"बाई, ती पोरगी—"

"ती पोरगी सव्वीस वर्षांची आहे, एमएस्सी आहे. तिला इथे नाही तर दुसरीकडे मिळेल. शिकवण्या घेईल, परदेशी जाईल, काहीही करेल. तू काय करणार आहेस? सांग ना. तुझ्याकडे काय आहे?"

बाबा, हाच प्रश्न तुम्ही एकोणीस वर्षांपूर्वी, मी कॉलेज सोडलं तेव्हा, विचारला होता, जवळजवळ याच शब्दांत. तेव्हा मी तोंड वर करून उत्तर दिलं होतं. शेजारणीच्या मुलीला पदवीचा उपयोग विचारायचा होता ना? तिला हेही सांगा की पदवी असली की लोक तुमचा बळी निवांत देतात, कारण तुम्ही त्यातून निभावाल असं त्यांना वाटतं.

कागद मी परत घेतला नाही. टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मागे बांधून उभा राहिलो, नाहीतर उचलला असता. शेवटी त्यांनी शिक्का मारला.

त्याच दुपारी हेडफोन जमा केला. तपासणी पुन्हा झाली, या वेळी माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून. बटण हातात धरून मी बसून राहिलो. किती वेळ गेला कळलं नाही. मग बाईने येऊन हातातून बटण काढून घेतलं आणि म्हणाली, झालं. मला वाटत होतं अजून सुरूच व्हायचंय.

परवाना रद्द. फसवणुकीबद्दल वेगळी चौकशी आहे, ती चालेल. प्रशिक्षण विभागात एक टेबलाची जागा होती, चौकशीतून सुटलो तर तिथे घेऊ असं तिथले साहेब म्हणत होते. अर्जात एक चौकट होती, 'पदवी व वर्ष'. मी ती कोरी ठेवली. साहेबांनी अर्ज उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला असेल. मग म्हणाले, नियम आहे हो, माझ्या हातात नाही.

एमएस्सीला तिचे उरलेले तास परत मिळाले. मला वाटलं होतं ती आभार मानेल, निदान हसेल. जिन्यात गाठ पडली. म्हणाली, "साडेतीन आठवडे मला वाटत होतं मी वेडी झालेय." आणि खाली निघून गेली. शब्द मी ओठांवरून वाचले. बरोबरच बोलली.

तुमचं पत्र काल मिळालं. या वेळी 'महोदय' नाही, 'चि.' आहे. आपण स्वतः विद्यापीठात जाऊन चौकशी केली, असं लिहिलंत. त्या चार जिन्यांवर, या वयात, ऑपरेशन झालेल्या डोळ्याने. विषय मात्र नेहमीसारखा नेटका : 'खंडित शिक्षणक्रम पूर्ण करणेबाबत'. आणि खाली नियम. दहा वर्षांनंतर आधीची नोंदणी रद्द, दोन वर्षांचे गुण धरले जात नाहीत, पहिल्या वर्षापासून प्रवेश घ्यावा लागेल. तुम्हीच कधीकाळी टंकून काढलेला नियम असेल. वाचून मी पायरीवर बसलो. सगळ्या दारांना बाहेरून कडी घातल्यासारखं वाटलं. सूनबाईने खांद्याला हात लावला तेव्हा भान आलं.

सूनबाईने सोमवारीच तुम्हाला फोन करून निवेदनाचं सांगितलं होतं, म्हणून शेवटी तुम्ही लिहिलंय, 'तू केलेस ते योग्य.' त्याखाली काहीतरी खोडलंय. इतकं गडद खोडलंय की कागद फाटला आहे. मी उजेडाला धरून पाहिलं, वाचता येत नाही.


१२ एप्रिल

ती. बाबा,

गुरुवारी येतो आहे, एकटाच. सूनबाईला रजा नाही. आठ दिवस राहीन. घाईने परतायला आता काही नाही.

आईला हे सगळं वाचून दाखवा. फोनवर 'छान छान' का म्हणालो ते तिला तुमच्या तोंडून कळू दे. मला सांगताना रडू येईल आणि ती आणखी घाबरेल.

नोकरीचं काय, हे विचाराल तर माहीत नाही. पहिल्या वर्षाला बसणार का, तेही माहीत नाही. अठरा वर्षांच्या पोरांत, मास्तर काय बोलतायत ते कळत नसताना. रोज सकाळी ठरवतो, दुपारी मोडतो. यंत्र लावून थोडं भागेल असं कानाचे डॉक्टर म्हणतात, या वेळी खऱ्या नावाने गेलो होतो. पण गेलं ते परत येणार नाही आणि उरलंय तेही जाईल. किती दिवसांत, ते सांगत नाहीत.

म्हणून एक विनंती आहे. मी घरी आलो की तुम्ही वर्तमानपत्र उभं धरता आणि त्यामागून आईशी बोलता. ते आता मला कळणार नाही. आईने मला येऊन सांगितलं तरी अर्धंच पोचेल, ती ओट्याकडे तोंड करून बोलते. एकोणीसातली सोळा वर्षं माझे कान धड होते, बाबा. दर वेळी दोन दिवस मी त्याच खोलीत बसून राहायचो, की एखादं वाक्य घेऊन माझ्याकडे याल, शिवी असली तरी चालेल. नाही आलात, आणि मी बॅग उचलून निघायचो.

पत्रात जे खोडलंत ते काय होतं, मला माहीत नाही. रागाचं असेल तर रागाचं. पण ते लिहू नका. वर्तमानपत्र खाली ठेवा, उजेडाकडे तोंड करून माझ्यासमोर बसा, आणि बोला. सावकाश बोला. मला अजून थोडं ऐकू येतं.